सोळा हजार आणि एक मोजा

उचगावात आकारामला म्हशीवरून चिडवलं नाही, असा दिवस उगवत नाही. चंद्री लाथाळ, पण ह्याचा सगळा जीव तिच्यात. मागं तिनं शेजारच्या गुंडूला आडवं केलं, तेव्हा बनाबाईनं नवऱ्याला बजावलंच, "आता कुणाला लागलं तर हिला बाजार दाखवणार."

त्यानंतर आठच दिवसांत, धार काढताना चंद्रीनं आकारामच्याच अंगठ्यावर पाय दिला. गडी हूं की चूं नाही. हळद दाबली, वर मोजा चढवला. भर उन्हात, चपलेत, एकाच पायात मोजा! कुणी विचारलं तर म्हणायचा, "गारठा लागतोय."

त्यातच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी सोळा हजार, शेजारी वर तोंड केलेला बाण. आकारामचा जन्म दूध डेअरीच्या रांगेत गेलेला. तिथं फॅटचा आकडा चढला की माणसाची मान ताठ होते. त्यानं रिपोर्ट डेअरीभर फिरवला. "बघा की, ह्या वयात सोळा हजार हाय."

"मग म्हशीऐवजी तुलाच बांधूया की दावणीला," गुंडू म्हणाला.

डॉक्टर रुचिताताईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "काका, ही दुधाची पावती नव्हे. पांढऱ्या पेशी म्हणजे रक्तातले राखणदार. चार ते अकरा हजार ठीक. एवढे जमलेत, म्हणजे बहुतेक कुठंतरी जंतू शिरलेत. त्यातही जंतूंवर आधी धावून जाणारे शंभरात चौऱ्याऐंशी आहेत. कुठं दुखतंय? ते कळल्याशिवाय डोळ्याचं ऑपरेशन नाही."

"कुठंच न्हाय," आकाराम छताकडं बघत म्हणाला.

सोबत आलेली बनाबाई मोज्याकडं बघत होती. "काढा तो."

"गारठा..."

"काढा म्हणते न्हवं."

अंगठा वांग्यासारखा फुगलेला.

"चंद्रीनं?"

"तिची चूक न्हाय. मीच मधी पाय घातला."

डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन टोचलं, गोळ्या दिल्या. बनाबाईनं घरी आल्यावरही म्हशीचा विषय काढला नाही. आकारामला गोळ्यांपेक्षा ते गप्प राहणंच कडू लागलं.

दहा दिवसांनी पेशी साडेआठ हजारांवर आल्या, ऑपरेशनला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाई गोठ्यात शिरली. ही आता दावं सोडणार, म्हणून आकाराम लंगडत मागं धावला. बघतो तर ती चंद्रीच्या कासेला पाणी मारत होती.

"तुम्हांस्नी तिचा पाय दिसंना, तिला तुमचा," ती मान वर न करता म्हणाली. "डोळा हुईस्तवर धार मी काढणार. तुम्ही लांब बसा, नि काय बोलायचं ते तिच्याशी बोला."

आकाराम गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला आणि बोलत राहिला.