वाक्यं पुरी करणारी माणसं

माझ्या तोंडात शब्द अडकला की समोरचा माणूस तो पुरा करून टाकतो. मी तोतरी आहे आणि बोलायला लागले तेव्हापासून हे असंच चाललंय. करी रोडला आमच्या चाळीखाली वाण्याचं दुकान होतं. मी 'सा... सा...' करेपर्यंत त्याने साबणाची वडी काढून फळीवर आपटलेली असायची. मला साखर हवी असायची. 'नको' म्हणावं तर 'न' आणखी अवघड, म्हणून मी वडी घेऊन मुकाट वर जायची. आई वडीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि तशीच परत खाली पिटाळायची.

आमचं घर मालवणी. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका ऑफिसात शिपाई म्हणून लागले होते. दिवसभर साहेबांची बोलणी खाल्ली की संध्याकाळी त्यांनाही कुणीतरी लागायचं. पाहुणे आले की ते मला खोलीच्या मधोमध उभं करायचे. "नाव सांग गो." माझं नाव माझ्याच तोंडातून बाहेर येत नसे. "तोंडात काय कोंबलंस? बोल मां." पाहुणे हसायचे, आणि बाबा त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचे. दर शनिवारी आत्या वेखंड उगाळून माझ्या जिभेला चोळायची. जीभ पोळायची, ठसका लागायचा, मग पाठीत धपाटा बसायचा. आई कोपऱ्यातून एवढंच म्हणायची, "आमचा चेडू लाजता." मी लाजत नव्हते. मला राग यायचा, आणि राग बाहेर काढायला जे लागतं नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं.

लग्नासाठी मला एकदाच दाखवलं. सगळे प्रश्न मला आणि सगळी उत्तरं आत्याची, असा तो कार्यक्रम झाला. जाताना मुलाची आई जिन्यातच म्हणाली, "मुलगी तशी बरी आहे. पण भांडण झालं तर हिचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं." अख्खा मजला हसला. बाबाही हसले. त्यानंतर मी कुणासमोर बसले नाही आणि घरातही कुणी फार आग्रह केला नाही.

मानसशास्त्र घेतलं ते यात नुसतं ऐकायचं असतं या गैरसमजातून. परळच्या एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले आणि कळलं की इथे प्रश्नही विचारावे लागतात. पहिल्या काही महिन्यांत दोघातिघांनी मला तोंडावर सांगितलं की आम्हाला दुसरी मॅडम द्या. मी घरी येऊन रडायची आणि सकाळी पुन्हा जायची.

मग भायखळ्याहून एक बाई आली. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती. मी विचारत होते, "त्यांची तुमच्यावर मा... मा..." मला 'माया' म्हणायचं होतं.

"मार," ती म्हणाली. "रोजचा."

हे तिने तोवर कुणाहीपाशी, स्वतःच्या मुलांपाशीही, काढलं नव्हतं. त्या दिवसापासून मी लोकांनी पुऱ्या केलेल्या शब्दांकडे नीट कान द्यायला लागले. माणसं माझं वाक्य पुरं करतात ते स्वतःच्या पोटातलं घालून. वाण्याच्या दुकानात याने माझं वाटोळं केलं होतं, इथे ते कामाला आलं.

पुढे दादरला एका मॅडमकडे मी ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी शिकायला गेले. आम्ही तिला नुसतं 'ॲक्ट' म्हणतो. थोडक्यात सांगायचं तर नकोशी भावना आली की तिच्याशी कुस्ती खेळत बसायचं नाही, तिला हाकलायचं नाही, तिला असू द्यायचं आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करत राहायचं. पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग होता. मनाला लागलेला एखादा शब्द भराभर, पुन्हा पुन्हा म्हणत राहायचा. म्हणता म्हणता अर्थ गळून जातो आणि नुसता आवाज उरतो. वर्गातल्यांना गंमत वाटली. मी तर हा प्रयोग जन्मापासून फुकट करत आले होते आणि माझ्या एकाही शब्दाचा अर्थ कधी गळला नव्हता. मी तसं म्हणाले. म्हणजे म्हणायला लागले. पुढचं मॅडमनी म्हटलं, आणि चुकीचं म्हटलं.

तरी मी टिकले, कारण ती पद्धत मला पटली होती. आणि मला ती दुसऱ्यांना शिकवायची होती. याचं कारण उदात्त वगैरे नाही. शिकवणाऱ्या माणसाला मध्ये तोडत नाहीत, फळ्यापुढे उभं राहणारा स्वतःचं वाक्य स्वतः पुरं करतो, असं मी शाळेपासून बघत आले होते. मला ती जागा हवी होती.

मॅडमना विचारलं तेव्हा त्या शिवाजी पार्कच्या त्यांच्या घरी चहा गाळत होत्या. "तू लिहून दे ना," त्या म्हणाल्या, "शिकवेल दुसरं कुणीतरी. आपल्या मर्यादा स्वीकारणं हेही ॲक्टच आहे." इतक्या मायेने मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

तरी अधूनमधून त्या मला वर्गापुढे बोलवायच्या. शिकवायला नाही, दाखवायला. "हिच्याकडे बघा, ही काय काय सोबत घेऊन जगते," असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. मी दहा मिनिटं अडखळायची, मुली डोळे पुसायच्या. एकदा मी बऱ्यापैकी सलग बोलले. बाहेर आल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "आज कमी अडकलीस गं. इफेक्ट कमी झाला." करी रोडच्या खोलीत निदान कुणी त्याला थेरपी म्हणत नव्हतं.

मी हट्ट सोडला नाही. मराठीतून शिकवणारं दुसरं कुणी मिळेना, तेव्हा मॅडम नाइलाजाने तयार झाल्या. गिरगावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी पूर्ण दिवस शिकवायचं, त्या मागच्या बाकावर बसून बघणार, आणि पटलं तर संध्याकाळी प्रशिक्षक म्हणून माझ्या कागदावर सही करणार, असं ठरलं.

सकाळपासून त्या मागून शब्द पुरवत होत्या. मी अडकले की हॉलभर त्यांचा आवाज यायचा, आणि वर्गातली डोकी त्यांच्याकडे वळायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी गिळलं. दुपारी मी सांगत होते, "नकोशी भावना आली की आपण ती टा... टा..."

"टाळतो," मागून मॅडम.

"मॅडम, मला बो... बोलू द्या."

"अगं, मी तुझं सोपं करतेय."

"माझं नाही. तुमचं." मी वर्गाकडे वळले. "बघा. मी अडकले की मॅडमना अवघडल्यासारखं होतं. ते त्यांना सहन होत नाही, म्हणून त्या शब्द देतात. यालाच टा... टाळणं म्हणतात. मी फळ्यावर लिहितेय, त्या सकाळपासून मागे करून दाखवतायत."

हे सगळं बोलायला मला खूप वेळ लागला. अर्धं आयुष्य स्वीकार शिकवण्यात घालवलेली ती बाई लाल होऊन बाकाकडे बघत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कुठल्याही थेरपीने वाटलं नव्हतं. नंतर मी संध्याकाळपर्यंत शिकवलं आणि मागून एक अक्षर आलं नाही.

सगळे गेल्यावर मॅडमनी उभ्या उभ्याच सही केली. "शिकवतेस चांगलं," त्या म्हणाल्या. मग पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मला तुझी..."

आणि थांबल्या. ओठ हलले, पण पुढे काही येईना. मला जीभ दातांखाली धरून उभं राहावं लागलं. शब्द पुरवायची हाव काय असते ते मला तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि जिना उतरून गेल्या.

त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. मी शिकवते, दर महिन्याला एक वर्ग असतो, आणि माझी वाक्यं मीच पुरी करते. त्यांचं ते वाक्यही मीच पुरं करते. 'माफी' घालून पाहिली, त्यांच्या आवाजात ती मला ऐकू येत नाही. 'कीव' लगेच ऐकू येते.