सोळाशे एकवीस साली तुमच्याकडे काय चाललं होतं?

सौदी अरेबियात, तांबड्या समुद्राच्या काठी, थुवालला आम्ही विद्यापीठाच्या आवारात राहतो. नवरा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनात आहे. मी नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवत होते, ते सोडून इथं आले. मुलगी आवारातल्याच शाळेत आठवीत आहे. वर्गात पंधरा-वीस देशांची मुलं. घरी आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. भांडायचं असेल तरच मराठीत येते. तिचं बोलणं मी इथं मराठी करूनच लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ती दप्तर टाकून म्हणाली, "आई, सोळाशे एकवीस साली आपल्याकडे काय चाललं होतं?"

नवरा जेवत होता. त्यानं मान वर न करता सांगून टाकलं, "राज्याभिषेक."

"महाराज जन्माला यायलाच अजून नऊ वर्षं होती," मी म्हटलं.

"मग काही चाललं नसेल," तो म्हणाला आणि ताक प्यायला.

शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी प्रकल्प दिला होता. एकच वर्ष घ्यायचं, आणि त्या वर्षी आपापल्या घराच्या मुलखात काय घडलं ते प्रत्येकानं एका पानावर आणायचं. सगळी पानं वाचनालयाच्या भिंतीवर एका ओळीत लागणार होती. बाई हॉलंडच्या. उंच, सायकलवरून येणाऱ्या, भर उन्हातही हसतमुख. साल त्यांनीच निवडलं होतं.

मला आनंद झाला, हे कबूल करते. कितीतरी दिवसांनी मला कुणी इतिहासातलं काही विचारलं होतं. माझं माहेर ज्या शहरातलं, त्याचं नाव बदलत बदलत आजचं झालं आहे. तेव्हा ते खडकी होतं. मी लेकीला तिथल्या वजिराची गोष्ट सांगितली. हबशाचा मुलगा, लहानपणी विकला गेला, याच तांबड्या समुद्राच्या खालच्या टोकाला एका बंदरात त्याचा सौदा झाला. हातोहात फिरत दख्खनेत आला आणि पुढं निजामशाहीचा कारभारी झाला. त्यानं खडकी वसवली, डोंगरातलं पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणलं. सोळाशे एकवीसला मोगल शहजाद्याच्या फौजेनं ती खडकी बेचिराख केली. आणि वजिरानं ती पुन्हा उभी केली.

"पाणी आणलं? म्हणजे बाबांसारखं?" लेक म्हणाली.

नवऱ्यानं पहिल्यांदा या विषयात रस दाखवला.

तिची जोडीदारीण आमच्या शेजारची इंडोनेशियन मुलगी. तिचे वडील विद्यापीठाच्या संशोधन बोटीवर इंजिन सांभाळतात, आई घरी असते. त्या दिवसांत तिची आजी आलेली होती, फॅमिली व्हिजिट व्हिसावर. मक्केला जाऊन उमरा करून झाला होता आणि आता ती लेकाकडे राहत होती. ठेंगणी, पांढऱ्या ओढणीतली, कडक उन्हातही ओट्यावर बसून समुद्राकडे बघणारी बाई. आम्ही एकमेकींना सलाम करायचो, हसायचो. त्यापुढे भाषा नव्हती.

प्रकल्पाच्या निमित्तानं दोघी मुली आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला लागल्या. एका शुक्रवारी मी पुरणपोळ्या केल्या होत्या. शेजारीण आपल्या मुलीला न्यायला आली, सोबत सासूही आली. मी आजींच्या पुढ्यात ताटली ठेवली. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, वास घेतला, चावला, आणि सुनेला काहीतरी विचारलं. त्यात एक शब्द मला कळला. "पाला?"

"पाला म्हणजे जायफळ," सून इंग्रजीत म्हणाली. "आई विचारताहेत, यात जायफळ घालत नाही का? त्यांना वाटतं, हवं होतं."

मी थक्क झाले. पुरणात जायफळ हवं, हे मला फक्त माझ्या सासूबाई सांगायच्या. "घालतात," मी म्हटलं. "आमच्याकडे घालतातच. पण इथं मिळत नाही."

इथं जायफळ आणायला बंदी आहे. नशेच्या पदार्थांत त्याची गणना होते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी डब्यात दोन जायफळं घालून दिली होती, तर नवऱ्यानं ती मुंबईच्या विमानतळावरच कचऱ्यात टाकली. तेव्हापासून आमचं पुरण वेलचीवर भागतं.

सुनेनं हे सांगितल्यावर आजी हसल्या. मोठ्यांदा नाही, खांदे हलले तेवढेच. मग म्हणाल्या, आणि सून सांगत गेली, "इथं हातात सापडलं तर गुन्हा. आमच्याकडे ते झाडावर होतं म्हणून आम्हाला मारलं."

मुलींनी लिहिणं थांबवलं.

"कुणी मारलं, नेनेक?" नातीनं विचारलं. नेनेक म्हणजे आजी.

आजींनी सगळी गोष्ट सांगितली. वाक्यावाक्याला थांबून, सुनेला वेळ देऊन. बांदा नावाची लहान लहान बेटं आहेत. तेव्हा सगळ्या जगात जायफळ तिथंच पिकायचं. आमचे लोक ते सगळ्यांना विकायचे. जावाचा येवो, अरब येवो, गुजरातचा व्यापारी येवो. हॉलंडच्या कंपनीला ते फक्त आपल्यालाच हवं होतं. मग एका साली त्यांचा सुभेदार गलबतं घेऊन आला. गावोगावच्या म्होरक्यांना गोळा करून मारलं. माणसं डोंगरावर पळाली. तिथं उपासमारीनं मेली. उरलेल्यांना गुलाम करून नेलं. काहींना होड्या मिळाल्या. ते पूर्वेकडे वल्हवत गेले आणि लांबच्या एका बेटावर उतरले.

"मी त्या होड्यांतल्यांची," आजी म्हणाल्या. "आमच्या गावात अजून बांदाची भाषा बोलतात. बांदात आता ती कुणालाच येत नाही. तिथं सगळे नवे लोक आणून बसवले."

"हे केव्हा झालं?" माझ्या लेकीनं विचारलं.

सालाचा आकडा आजींना ठाऊक नव्हता. नातीनं फोनवर शोधलं, आणि तोंडावर हात ठेवला. सोळाशे एकवीस.

नंतर चहा पिताना मी आजींना विचारलं, घरी ती भाषा कुणाशी बोलता? त्या म्हणाल्या, "लेकाशी. मी आमच्या भाषेत बोलते, तो इंडोनेशियनमध्ये उत्तर देतो. नात इंग्रजीत." मी माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. सुनेला काही सांगावंच लागलं नाही. आजींनी माझा हात थोपटला. मग त्या एकेक शब्द विचारत बसल्या. इंडोनेशियनमध्ये नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, बायकोला 'इस्त्री', भाषेला 'बहासा'. आणि पाला म्हणजे आपलं फळच असणार, असं मला वाटतं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी असे शब्द जुळवत होतो आणि मुली आजींच्या त्यांच्या भाषेतल्या बोलण्याचं फोनवर रेकॉर्डिंग करत होत्या.

नातीनं आपलं पान त्या गोष्टीवर लिहिलं. मला काळजी लागली. बाई हॉलंडच्या, चांगल्या, मुलांच्या लाडक्या. मी शेजारणीला म्हटलं, आधी त्यांच्या कानावर घालूया का? ती म्हणाली, "काय सांगायचं? की तुमच्यामुळे आम्ही दुखावलो आहोत? आम्ही तर दुखावलेलो नाही. फक्त गोष्ट आहे."

पानं लागली त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. भिंतीवर अमेरिकन मुलीचं पान होतं, नव्या वसाहतीतल्या पहिल्या सुगीच्या जेवणाचं, टर्कीच्या चित्रासकट. प्रागच्या मुलानं चौकात सरदारांची मुंडकी उडवल्याचं चित्र काढलं होतं, त्यात लाल रंग फार. आमची खडकी होती, जळणारी, आणि खाली नवऱ्यानं उत्साहानं काढून दिलेला नळांचा नकाशा. बाईंनी स्वतःच्या देशाचं पान स्वतः केलं होतं. त्यात त्या वर्षी निघालेली आणखी एक नवी व्यापारी कंपनी होती, चित्रकार होते, गलबतं होती. बांदा नव्हतं. ते शेजारच्या पानावर होतं.

बाईंनी नातीचं पान अर्थात आधीच वाचलं होतं. त्या आजींजवळ आल्या आणि खाली, त्यांच्या खुर्चीपाशी, गुडघ्यांवर बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. सून आजींना सांगत होती. "म्हणजे, शिकले होते. पण साल निवडताना मला एकदाही आठवलं नाही. माझ्या गावच्या चौकात त्या सुभेदाराचा पुतळा आहे. लहानपणी आम्ही त्याच्या पायाशी बसून आईस्क्रीम खायचो. माझं पान मी काढून टाकते."

आजींनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काय होतं आणि काय नाही.

"तुमचं गाव समुद्राकाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मासे मिळतात?"

"मिळतात. हेरिंग. कच्चेच खातो, कांद्याबरोबर."

"कच्चे!" आजींनी सुनेकडे पाहिलं, भाषांतर बरोबर झालं ना म्हणून. मग म्हणाल्या, "पान काढू नका. काढलंत तर मुलांना वाटेल, गलबतं आपोआप आली. दोन्ही शेजारी राहू द्या."

बाईंनी मान हलवली. मग तशाच बसून त्यांनी विचारलं, मुलांना तुमची भाषा ऐकवाल का?

आजी उभ्या राहिल्या. त्यांनी पूर्वजांनी बांदात सोडलेल्या गावांची नावं म्हटली. त्यांच्याकडे ती सगळ्यांना पाठ असतात. आवाज गाण्याचाही नव्हता आणि बोलण्याचाही. मागच्या बाकावरची दोन मुलं खुसखुसली, प्रागच्या मुलानं त्यांना ढोसलं. नात आजीच्या बाजूला ताठ उभी होती. तिचे वडील दाराशी होते. बोटीवरून थेट आलेले, विद्यापीठाच्या निळ्या कपड्यांत. त्यांचे ओठ हलत होते. बायकोनं ते पाहिलं आणि मला कोपरानं खुणावलं.

आमच्या लेकीनं आपलं पान इंग्रजीतच वाचलं. पण खडकीतला 'ड' तिनं अगदी नीट उच्चारला, त्यासाठी दोनदा थांबली. मला तेवढंच पुष्कळ वाटलं.

व्हिसा संपत आला तेव्हा आजींना पोचवायला आम्हीही जेद्दाला गेलो. सामान फार, एका गाडीत मावेना. विमानतळावर मक्केच्या झमझम पाण्याचं खोकं बांधून झालं, बोर्डिंग पास आला, आणि आजी लेकाशी बोलायला लागल्या, आपल्या भाषेत, भराभर. त्यानं उत्तर दिलं. त्याच भाषेत. अडखळत, लहान लहान वाक्यांत. एक शब्द चुकला तर आजींनी तो दुरुस्त केला, त्यानं पुन्हा म्हटला. शेजारीण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली. मी यांना ही भाषा बोलताना कधी ऐकलं नव्हतं."

आजींनी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मला मिठी मारली आणि चाकाच्या खुर्चीत बसून आत गेल्या. वळून पाहिलं नाही. खुर्ची ढकलणाऱ्याला त्या काहीतरी सूचना देत होत्या.

परतताना पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. मुलींना शावर्मा हवा होता. खाता खाता त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं आणि मध्येच थांबवून विचारायला लागल्या, हा शब्द काय? आजींचा लेक दोन्ही हातांत कागदी पेला धरून ऐकत होता. पहिल्या शब्दाला तो म्हणाला, "वल्हं." दुसरा शब्द त्यानं पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा.

"हा नाही आठवत," तो म्हणाला. "आई विमानातून उतरली की विचारतो."