एकोणीस कार्डं

कचरू साळवे पुणतांब्याच्या मालधक्क्यावर हमाल होता, आणि सन एकाहत्तरच्या दिवाळीनंतर त्या धक्क्यावरचा एकुलता एक हमाल होता. आधी वीस जणांची टोळी होती. मग साखर रेल्वेच्या वाघिणींऐवजी ट्रकने जायला लागली, गुळाचे व्यापारीही त्याच वाटेने गेले, आणि एके दिवशी कंत्राटदाराने टोळीला सांगून टाकलं की बाबांनो, उद्यापासून येऊ नका. सांगताना चहा मात्र पाजला. त्या चहाचा राग कचरूच्या डोक्यातून कधी गेला नाही.

हमालांची युनियन नगरला होती. तिचा सेक्रेटरी गहिनीनाथ याने एस.टी.चे हेलपाटे घालून घालून एक गोष्ट लेखी मिळवली. धक्क्यावर पुन्हा माल आला तर तो याच टोळीने उतरवायचा. अट एवढीच, की टोळीतल्या एकाने तरी रोज सकाळी आठला मालबाबूकडे हजेरी लावायची. सलग तीन दिवस कोणी आलं नाही की हक्क बुडाला. बाकीच्यांना युनियनने जमेल तिथे चिकटवून दिलं, कोणाला मार्केट यार्डात, कोणाला कारखान्याच्या गोदामात. हजेरीला मागे कोण राहतो, असं विचारल्यावर सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. कचरूने हात वर केला. बायको बनाबाई जाऊन वर्ष झालं होतं, लेक नेवाशाला दिलेली, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. पोटापुरतं युनियन देणार होती.

रंभाजी हा त्याचा जोडीदार. पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या पाठीवर पोती दिली होती. जाताना तो म्हणाला, "तू फकस्त जागा धर. माल आला की सांगावा धाड, आमी निघालोच."

कचरूने जागा धरली. नुसती धरली नाही, डोळ्यांत तेल घालून सांभाळली. आठ म्हणजे आठला अंगठा उठवायचा, मग अख्खा धक्का झाडायचा, मग वीस जणांचा रांजण काठोकाठ भरायचा. त्यातलं पाणी प्यायला तो एकटाच होता. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडायचा तीही आपल्या ठरलेल्या जागी, कडेला. मधली जागा मोकळी असायची. कधीकधी दिवसभरात मालबाबूच्या "आलास का"पलीकडे शब्द कानावर पडायचा नाही, आणि संध्याकाळी घशातून आवाज काढायला खाकरावं लागायचं. माणूस इतका एकटा पडू नये.

लेकीला मुलगा झाला तेव्हा तो हजेरी लावून नेवाशाला गेला, पाळण्याची दोरी ओढली आणि शेवटच्या गाडीने परत फिरला. दोन दिवस चुकले तरी हक्क बुडत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. पण तिसऱ्या दिवशी ताप भरला तर? एस.टी. बंद पडली तर? लेक रुसली ती रुसलीच. रंभाजी आधी दर बाजाराला डोकवायचा, मग सणासुदीला, मग तोही येईनासा झाला. कामाचा माणूस, सवड कुठली, असं कचरू स्वतःलाच समजावून सांगायचा.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. गावंच्या गावं खडी फोडायला बसली. त्या हिवाळ्यात मालबाबूने सांगितलं की मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, वाघिणी पुणतांब्याला लागणार आहेत. लोक पाण्यावाचून तळमळत होते आणि हा मनातून हरखला. त्याची त्यालाच लाज वाटली, पण हरखला हे खरं. लिहिता येत नव्हतं म्हणून बाबूकडून एकोणीस कार्डं लिहून घेतली. बारावं कार्ड लिहिताना बाबू कुरकुरला. कचरूने त्याला चहा पाजला आणि पुढची सात लिहून घेतली.

वाघिणी लागल्या त्या सकाळी गहिनीनाथ पहिल्या गाडीने आला. तारेच्या कुंपणापलीकडे दुष्काळी माणसं काम मिळेल म्हणून उजाडल्यापासून बसली होती. टोळीतलं कोणी नव्हतं. नऊ वाजता रंभाजी सायकलवरून आला. कचरू धावतच पुढे गेला. रंभाजी सायकलवरून उतरलासुद्धा नाही.

"मी ऱ्हायला आलो न्हाई, कचरू. गोदामात आमी पक्के झालो. पोरांच्या शाळा हायेत तिथं. बाकीचे बी न्हाई यायचे." मग जरा थांबून म्हणाला, "तू आजून बसला आसशील आसं कुनाला वाटलंच न्हाई रे."

रंभाजीला पाळी गाठायची होती, तो गेला.

गहिनीनाथाने टोळीची यादी काढली. येणार नाहीत त्यांच्या जागी कुंपणापलीकडची माणसं घेता येतील, म्हणजे हक्क युनियनकडेच राहील, असं त्याने समजावलं. पण कोण येणार नाही हे टोळीतल्याच माणसाने सांगायला हवं होतं. तो एकेक नाव वाचू लागला. प्रत्येक नावाला कचरू म्हणत गेला, "न्हाई येत." गहिनीनाथ नाव खोडत गेला. रंभाजीचं नाव खोडताना तो जरा अडखळला. कचरू अडखळला नाही.

यादी संपत आली. "कचरू साळवे."

"न्हाई येत," कचरू म्हणाला.

पेन्सिल थांबली. गहिनीनाथाने वर पाहिलं आणि त्या नावापुढे हजर असल्याची खूण केली.

एकोणीस जण आत आले. त्यातला एक राहात्याकडचा शेतकरी पुढे होऊन म्हणाला, "मामा, पोतं पाठीवर घ्यायचं कसं?" कचरूने त्याला वाकायला शिकवलं. दिवसभर तो एकेकाला शिकवत राहिला. सगळे मन लावून शिकले, वाघिणी वेळेत रिकाम्या झाल्या. पण त्याने एकालाही नाव विचारलं नाही.