जावयाचा पाय

धोंड्याच्या महिन्यात बायको-लेकीला घेऊन संकेश्वरला सासरवाडीला जेवायला गेलतो. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला पाटावर बसवायच्या आधी सासूनं पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. बाकीचे जावई यावर मिशीला पीळ देतात, मला मात्र घरातनं निघाल्यापासनं त्याचीच धास्ती होती.

उन्हाळ्याआधी गटारीवरच्या फरशीवरनं माझा उजवा पाय मुरगळला होता. सूज उतरली, पण पाऊल वरनं बधीर राहिलं आणि घोट्यातनं वर उचलंना. चप्पल गळून पडली तरी कळायचं न्हाय. डॉक्टर म्हणाले, मुरगळताना नस ताणलीया, भरून यायला लई वेळ लागंल, तोवर गाडी चालवायची न्हाय. आता मी हिंडलग्याची पोरं शाळेला सोडणारी व्हॅन चालवतो. गाडी बंद ठेवली तर पोरं दुसऱ्याच्या गाडीत जाणार. म्हणून बायकोलासुद्धा थाप मारली की पाय बरा झाला, आणि रोज पोरं भरून निघत राहिलो. लाज वाटते सांगायला.

सासूबाईंनी माझे पाय परातीत ठेवायला लावले आणि उजव्या पावलावर आख्खा तांब्या ओतला. मी नवरदेवासारखा हसत बसलो. मग त्यांनी पाय चोळायला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. घाईगडबडीत विसण घालायचं राहिलं होतं, पाणी कढत होतं. पाऊल लालभडक झालं तरी मी आपला हसतोयच.

सासूबाई रडायलाच लागल्या. माझ्या हातनं जावयाचा पाय पोळला म्हणत माझ्या पायाशी वाकल्या. आणि मी, निर्लज्ज, गप्प बसलो. दोष त्यांच्यावर जातोय तर जाऊ दे, असंच मनात आलं. सासऱ्यांनी विचारलं, चटका कसा बसला न्हाय? मी म्हटलं, सोसला.

माझी लेक रोज व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसते. आजी रडतेय हे तिला बघवंना. तिनं आजीच्या गळ्यात हात टाकला.

"रडू नको गं आज्जी. बाबांच्या त्या पायाला कळतच न्हाय. ब्रेक दाबायचा असला की पँट धरून पाय उचलत्यात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको माझ्याकडं बघत होती आणि मला मान वर करवंना. सासऱ्यांनी नुसता हात पुढं केला. मी खिशातनं चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. येताना गाडी मेव्हण्यानं चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पाय ओढत घरोघरी सांगायला निघालो. पहिल्याच दारात पोराच्या पाठीला दप्तर अडकवून आई उभी होती. आजपासनं व्हॅन बंद, पायाला लागलंय, एवढंच मी म्हटलं.

"आधी बरं व्हा अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत पोरगं बसलं की मला घोर नसतोय बघा."

तिथनंच वळलो असतो तरी चाललं असतं. पण न्हाय वळवलं. सगळं सांगितलं, पँट धरून पाय उचलायचंसुद्धा. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाय. पोराचा हात घट्ट धरला, आणि मी गल्लीच्या टोकाला जाऊन मागं बघितलं तरी तो धरलेलाच होता.