एकशे दहा पौंडांच्या आत

आमच्या ड्रिलच्या सरांना माणूस समोर आला की आधी त्याचं वजन दिसायचं, मग चेहरा. शाळेतले एक म्हातारे शिक्षक वारले, तेव्हा तिरडी उचलताना सर शेजारच्याला म्हणाले, "एकशे पाच. आजारपणात वीस पौंड गेले." मागे उभ्या असलेल्या मुलाने, म्हणजे त्या शिक्षकांच्या मुलाने, ते ऐकलं. परळच्या आमच्या हायस्कुलात सगळे त्यांना काटासर म्हणत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाल मातीचा हौदा होता, त्याच्या कडेला वखारीतून आणलेला जुना वजनकाटा, आणि तिथे हेडमास्तरांचंही काही चालत नसे.

सर साताऱ्याकडचे. कुस्तीत कान फुटलेले, मान खांद्यांत बसलेली. शाळाशाळांमधल्या कुस्त्या जवळ आल्या की वजनगटात बसण्यासाठी ते आम्हाला घोंगडी पांघरून पटांगणात पळवत. दोन दिवस पाणी घोटाघोटाने मिळे. तोंडात चिंच धरायला लावून डब्यात थुंकायला लावत. एकदा एक मुलगा चक्कर येऊन पडला. सरांनी त्याला उचलून आधी काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि मग तोंडावर पाणी मारलं. "पाव पौंड अजून आहे," म्हणाले. त्याची आई शाळेत येऊन रडली, तर सरांनी तिच्यासमोर नियमांचं छापील चोपडं उघडून धरलं. त्या बाईला वाचता येत नव्हतं. त्या दोन दिवसांत सरांचाही जेवणाचा डबा भरलेलाच घरी जात असे, हे मला पुष्कळ वर्षांनी शाळेच्या शिपायाने सांगितलं.

ते चोपडं कायम त्यांच्या खिशात असे. वय किती, हजेरी किती, विभागाच्या फेरीत उतरलेलाच पुढे जाणार, तो अपात्र ठरला तर राखीव गडी कुणाला घ्यायचं, सगळं त्यांना पाठ होतं. "कुस्ती आधी कागदावर जिंकायची," असं ते म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे ते दिवस. एकदा आम्ही चौघे शाळा बुडवून मोर्च्याला गेलो, तर लालबागच्या नाक्यावर सर स्वतःच घोषणा देत चाललेले दिसले. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावापुढे गैरहजेरी पडली आणि एकाची हजेरी कमी भरून तो त्या वर्षीच्या कुस्त्यांतून गेला. तो भांडायला गेला तेव्हा सर म्हणाले, "मी पण नव्हतो शाळेत. माझी पण रजा मांडलीय. जाऊन बघ." त्याने जाऊन पाहिलं. खरंच मांडली होती.

रघू जाधव आमच्यात सगळ्यांत चांगला. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा, वडील गिरणीत. एकशे दहा पौंडांच्या गटात त्याने विभागाची फेरी जिंकली होती. त्याच गटात मी राखीव होतो. सर त्याचं कधी कौतुक करत नसत, पण तो लढायला लागला की हाताची मूठ वळून उभे राहत आणि त्याच्याबरोबर त्यांचाही खांदा हलत असे.

त्या दसऱ्याला रघूचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. डिसेंबरात घरातल्या बाकीच्यांनी दादरला घेतली. जानेवारीत अंतिम फेरीसाठी पात्रतेचे फॉर्म भरायचे होते. रघूने धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं आणि जातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

सरांनी शाळेचं रजिस्टर उघडून फॉर्मशेजारी ठेवलं. "इथं काय आहे, वाच."

"हिंदू महार," रघू म्हणाला.

"मग फॉर्मवर तेच पाहिजे. फॉर्म रजिस्टराशी जुळला नाही, तर गडी अपात्र."

"पण सर, आता आम्ही ते नाही."

"मला माहीत आहे. रजिस्टराला माहीत नाही." मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "अरे, एक ओळ लिही. कुस्ती मार. घरी जाऊन तुला काय व्हायचं ते हो."

रघू हेडमास्तरांकडे जाऊन आला. वरून काही आल्याशिवाय रजिस्टरात खाडाखोड करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. परत येऊन तो म्हणाला, "सर, माझ्या बापाने सोडलं ते मी एका कुस्तीसाठी परत लिहू?"

सरांनी त्याला शाळा सुटेपर्यंत वेळ दिला. घंटा झाली तरी तो भिंतीला टेकून तसाच उभा. सरांनी त्याचा फॉर्म घडी करून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळले. "सावंत, शर्ट काढ." मी एकशे बारा भरलो. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर चार दिवस थुंकताना आणि पळताना मी आनंदात होतो.

अंतिम फेरीत गिरगावच्या एका मुलाने मला अर्ध्या मिनिटात चीत केलं. येताना सर बसमध्ये म्हणाले, "पंचाला शिट्टीसुद्धा नीट वाजवू दिली नाहीस."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी रघूला आणि मला हौद्यात उतरवलं. बाकीचे गडी कडेने उभे केले. "आज फॉर्म नाही, काटा नाही," ते म्हणाले. "धरा." रघूने मला उचलून टाकलं. "परत," सर म्हणाले. त्याने परत टाकलं. सहा-सात वेळा झालं. शेवटच्या वेळी माझा डावा खांदा कटकन वाजला आणि मी ओरडलो. सर म्हणाले, "परत."

रघू थांबला. धापा टाकत म्हणाला, "बस झालं, सर. माझं याच्याशी काही नाही."

"मग कुणाशी आहे?"

रघू नुसता सरांकडे बघत राहिला. सरांनी खिशातलं चोपडं काढून काट्यावर ठेवलं, शर्ट काढला, धोतराचा काचा मारला आणि हौद्यात उतरले. पन्नाशीचा माणूस. मांडीवर थाप मारून म्हणाले, "ये."

रघूने हौद्याबाहेर येऊन अंगावरची माती झटकली, शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि निघून गेला. सर तसेच वाकून, हात पुढे करून उभे होते. कुणाला हलायचा धीर झाला नाही. मला केईएमला मग शिपायानेच नेलं.

रघू त्यानंतर शाळेत आला नाही. सरांनी त्याचं नाव काढलं नाही, पण शनिवारी दुपारी ते कुठेतरी जाऊ लागले. ते शिक्षणखात्याच्या कचेरीत खेपा घालत होते, हे नंतर कळलं. जूनमध्ये एके दिवशी मला म्हणाले, "चल, त्याचं घर दाखव." त्यांच्याजवळ रजिस्टर दुरुस्त करायला परवानगी देणारा सहीशिक्क्याचा कागद होता.

रघू नुकताच गिरणीतून आला होता, वडिलांच्याच खात्यात बदली कामगार म्हणून लागला होता. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. सरांनी कागद त्याच्यापुढे धरला. "तुझं लिहिलेलं रजिस्टरात आलं. नाव परत घाल शाळेत. औंदा उतर."

रघूने कागद दोनदा वाचला आणि सरांना परत दिला. "सर, मेमध्ये मला सतरा पूर्ण झाली."

सतरा पूर्ण झालेल्याला शाळेच्या कुस्त्यांत घेत नसत. तो चोपड्यातला पहिलाच नियम होता. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मग तू अपात्र."

"हो, सर."

त्यांनी चहा पुरा प्यायला, रघूच्या आईला नमस्कार केला. रघू दारापर्यंत आला, त्याच्यापुढे नाही. खाली उतरताना मधल्या जिन्यात सर कठड्याला धरून थांबले. मला वाटलं, दम लागला.

"त्या दिवशी हौद्यात माझ्याशी धरली असती पोराने," ते म्हणाले, "तर मी पडलो असतो रे."