कयाकचा नांगर आणि अडुसष्ट फूट दोरी

कयाक मिळाल्यावर वर्षभर मी नुसता वाहत होतो. गरी टाकावी, मासा टोचायला लागावा, आणि तेवढ्यात वाऱ्याने होडी शंभर फूट पलीकडे नेऊन सोडावी. मावसभाऊ सिंगापूरला जाताना ही प्लॅस्टिकची कयाक माझ्या गच्चीवर ठेवून गेला होता. तिच्यावर मासे पकडायची सगळी सोय होती, फक्त नांगर नव्हता. २००८ च्या जानेवारीत ठरवलं की तो आपणच बसवायचा आणि घोटीच्या पुढच्या एका जलाशयावर जाऊन तपासायचा.

मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे हाताला सवय होती. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नांगराची दोरी होडीच्या मध्यावर, कडेला बांधायची नाही. वारा आला की होडी आडवी होते आणि उलटते. म्हणून मी कडेने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोन छोट्या कप्प्यांवर, म्हणजे पुलींवर, दोरीचा फेरा घातला आणि त्यात स्टीलची कडी अडकवली. नांगराची दोरी या कडीतून सोडायची आणि बसल्या जागेवरून कडी हवी त्या टोकाला सरकवायची. दोरी रविवार कारंज्याच्या बाजारातून आणली, सहा मिलिमीटरची, ऐंशी फूट. दर दहा फुटांवर लाल दोरा गुंडाळला. शेवटच्या टोकाला फ्लोट लावला, म्हणजे अडचणीत दोरी सोडून देता येते आणि नांगर नंतर शोधता येतो.

नांगर चार दातांचा, घरीच वेल्ड केलेला. दोरी त्याच्या बुडाला बांधली आणि वरच्या टोकाला फक्त एका बारीक प्लॅस्टिक पट्टीने आवळली. खाली कुठे अडकला तर जोरात ओढायचं. पट्टी तुटते, नांगर उलटा फिरतो आणि सुटून येतो.

पहाटे मेहुण्याच्या, सुधीरच्या पिकअपमधून निघालो. घोटीपर्यंत हायवे चांगला आहे. तिथे चहा आणि गरम भजी घ्या, कारण पुढे काही मिळत नाही. पुढचा रस्ता अरुंद आणि उखडलेला. घरापासून एकूण पन्नासेक किलोमीटरला दोन तास धरा. शेवटच्या वळणावर धुकं इतकं होतं की सुधीर खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. पाणी दिसलं नाही, नुसता गारठा जाणवला. पक्ष्याचाही आवाज नव्हता.

काठावर एक बाई जाळ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या. हिराबाई, पन्नाशीच्या. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून त्या मासेमारी करतात. दोन्ही हातांत पत्र्याच्या ताटल्या धरून वल्हवतात. त्यांच्याच घरच्यांकडून मासेमारीची परवानगी घेतली होती, म्हणून ओळख निघाली. त्यांनी कयाक हाताने दाबून पाहिली, कप्प्या फिरवून पाहिल्या. मग नांगर उचलला आणि बराच वेळ हातात धरून राहिल्या.

"ह्यो तर विहिरीतला गळ हाय," त्या म्हणाल्या.

विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ असतो, तसाच तो दिसत होता खरा. मी हसून नांगर असल्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कुठंही टाका, म्हणाल्या, फक्त त्या वठलेल्या आंब्यासमोर नको. का, ते मी विचारलं नाही. खाली झाडाची खोडं असतील, असं समजलो.

नांगर झकास चालला. पहिल्या दोन ठिकाणी बत्तीस फुटांवर तळ लागला. कडी पुढे सरकवली की होडी वाऱ्याकडे तोंड करून स्थिर राहायची. तासाभरात तीन चिलापी आणि एक बरा रोहू मिळाला. दहाच्या सुमाराला धुकं विरळ झालं, वारा पूर्ण पडला, आणि चांगली जागा शोधता शोधता मी आंब्यासमोर आलो. लक्षात नव्हतं म्हणालो तर ते खोटं होईल. लक्षात होतं.

नांगर सोडला. तिसरा लाल दोरा गेला. आता थांबेल म्हणून हात सैल केला, पण दोरी चालूच राहिली. चौथा गेला, पाचवा गेला. पाणी काचेसारखं आणि दोरी सरळ खाली, अजिबात तिरकी न होता. सहावा गेला आणि आणखी आठ फुटांवर ती थांबली. हळूच थांबली, कुणी ओंजळीत झेलल्यासारखी.

मग वाऱ्याची झुळूक आली. होडीने वाऱ्याकडे तोंड करायला हवं होतं. ती उलटी वळली आणि तशीच उभी राहिली. धरणाचं दार उघडलं असेल, पाणी ओढत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दोरी ओढायला लागलो. येईना. पाय टेकवून सगळ्या ताकदीने ओढली. पट्टी तुटायला हवी होती. तुटली नाही; होडीचंच टोक खाली गेलं आणि पाणी माझ्या मांडीवर आलं. दोरी बर्फासारखी गार होती. तेवढ्यात तिला खालून ओढ बसली. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. विहिरीचा गाळ काढताना बादली भरली की खाली उतरलेला माणूस दोरी ओढून खूण करतो, अगदी तशी.

मी फ्लोटसकट दोरी सोडून दिली. होडी वर उसळली. वल्हं हातातून दोनदा निसटलं. काठावरून सुधीर काय ओरडतोय ते कळत नव्हतं. हिराबाई मात्र ताटल्या मारत आल्या होत्या. मी दिलगिरी व्यक्त केली, पण त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी फ्लोट जवळ घेतला.

"माझी थोरली बहीन हितं पडली," त्या म्हणाल्या. "आमच्या गावची विहीर ही. बापानं गळ टाकून काढली तिला. मंग कोनी पानी भरलं नाय. दोन वर्सांनी धरनच आलं."

त्यांनी दोरीवर हात ठेवला, ओढली नाही. ओठ हलत होते, शब्द ऐकू आले नाहीत. मग दोन बोटांनी उचलावी तशी त्यांनी दोरी वर घेतली आणि ती सरळ येत गेली. नांगर वर आला. पट्टी अखंड होती. दातांना चिखलाचा कणही नव्हता.

"दोर किती गेला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, अडुसष्ट फूट. आजूबाजूला बत्तीस लागले होते, म्हणजे विहीर छत्तीस फूट. त्यांनी बोटांवर हिशेब केला. पुरुषभर म्हणजे सहा फूट, तेव्हा सहा पुरुष खोल.

"तवा बी सहाच पुरुस होती," त्या म्हणाल्या. "समद्या धरनात गाळ बसला, दादा. हिच्यात नाय बसला."

इतकं बोलून त्या ताटल्या मारत काठाकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो. मासे त्यांना दिले आणि दुपारच्या आत आम्ही घोटी ओलांडली. वाटेत सुधीर एकदाच बोलला. त्याला काठावरून हिराबाईंच्या ट्यूबवर दोन बायका बसलेल्या दिसल्या होत्या. धुक्यामुळे असेल, असंही तोच म्हणाला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. पाण्याची ओढ, गाळ, दोरीचा पीळ, जेवढी कारणं सुचत होती तेवढी सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्या बहिणीचं नाव काय होतं? मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी एसटीने घोटी आणि तिथून जीपने पुन्हा गेलो, कयाक न घेता. हिराबाई जाळ्याचा गुंता सोडवत होत्या. मी नाव विचारलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, आई-बाप गेल्यापासून हे नाव तोंडातून काढायची वेळच आली नव्हती. त्यांनी ते एकदा सांगितलं, मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, पाण्याकडे तोंड करून.

नाव इथे लिहीत नाही, आणि जलाशयाचंही नाही. नांगर बसवायला कुणाला मदत हवी असेल तर जरूर विचारा, मी सगळं सांगेन. जागा मात्र विचारू नका.