अर्धी गोळी

सुंदराबाईंच्या घरात पोरांचा वाटा ठरलेला. मोठ्याला कपभर चहा, तर पोराला अर्धा. म्हणून दोन वर्षांच्या नातीला, हेतलला, फिट येऊ लागल्या आणि दवाखान्याचं सिरप संपलं, तेव्हा बाईंनी नवऱ्याची फिटची गोळी मोडून अर्धी तिला सुरू केली. सून उज्ज्वला नको नको म्हणत होती, पण सासूपुढे तिचं काय चालणार? फिट थांबल्या. बाईंना सल्ले द्यायची हौस दांडगी, त्यात हा सल्ला लागू पडलेला. गल्लीत त्यांनी तो चार घरी सांगून टाकला.

खानदेशातून एका गुजराती शहरात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेलं हे कुटुंब तिथल्या लिंबायत वस्तीत राहतं. बाई मात्र शहराबाहेर सचिन गावाकडच्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळतात. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं.

एकदा तिथल्या संशोधक पायलबेन वेगवेगळ्या वयाच्या उंदरांवर फिटचं औषध तपासत होत्या. आधी औषध, पिल्लांना वजनाच्या हिशोबाने कमी, मग फिट आणणारं इंजेक्शन. औषधाचं नाव ऐकून बाईंनी कान टवकारले. नवऱ्याच्या गोळीचंच नाव. फिट मोठ्या उंदरांनाही आली नाही आणि पिल्लांनाही नाही. बाई मनातून खूश झाल्या.

दुपारी मोठे उंदीर दाणे कुरतडू लागले. पिल्लांना आईजवळ सोडलं, तर ती लोळागोळा होऊन पडून राहिली. आई चाटत होती, पण एकही पिल्लू दूध ओढेना.

"इनको भूख नहीं है क्या?" बाईंनी विचारलं.

"भूख है मौसी, होश नहीं है," पायलबेन म्हणाल्या. "बड़ों की दवा सिर्फ कम करके छोटों को नहीं दे सकते."

बाईंनी हातातला भुसा तिथेच टाकला.

त्या तशाच घरी आल्या. हेतल उज्ज्वलाच्या मांडीवर पेंगत होती, गालात भाकरीचा घास तसाच.

"फिट नही उनी," उज्ज्वला म्हणाली, "पन जेवनी बी नही."

बाईंनी पोरीला उचललं आणि सुनेला घेऊन रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हेतलचं वजन केलं, तपासलं, भरती करून घेतलं. पोर सावरेल म्हणाले. मग उज्ज्वलाकडे वळून त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "ये गोली किसने दी?"

उज्ज्वलाने मान खाली घातली. मार खाईल पण सासूचं नाव घेणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. गप्प राहणं अगदी सोपं होतं.

"मैंने दी," बाई म्हणाल्या. "बहू मना करती थी. मैंने सुना नहीं."

उज्ज्वलाला रडू फुटलं. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. बाईंनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा जवळ घेतलं.